तिजोरीला खळ पडते तेव्हा पगार कोणाचा कापला जातो?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वाशीम जिल्ह्यात मोठे कारखाने नाहीत. सोयाबीन आणि तूर यांवर शेतकऱ्याचे वर्ष ठरते आणि शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांच्या पगारावर बाजारपेठेचा महिना ठरतो. त्यामुळे मुलगा दहावीला गेला की घरात एकच विचार सुरू होतो : याला सरकारी नोकरी लागेल का? अब्बांनाही तेच हवे असते, अम्मीलाही तेच हवे असते, आणि लग्नाचे स्थळ पाहणाऱ्यांना तर त्याशिवाय दुसरे काही दिसतच नाही. पण हा पगार येतो कोठून, आणि सरकारच्या हातात पैसा नसेल तेव्हा त्याचे काय होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. माझी सारी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, म्हणून संयोजकांनी हा रुक्ष विषय माझ्या गळ्यात घातला. आकडे थोडे सहन करावे, ही विनंती.

सुरुवात आपल्याच मुलखापासून करतो. वऱ्हाड पूर्वी हैदराबादच्या निजामाकडे होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती आणि तिचा खर्च निजाम सरकारने सोसायचा होता. निजामाची तिजोरी रिकामी. वसुलाचे तालुके सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे गहाण पडलेले. फौजेचा पगार थकू लागला. इंग्रज आपल्या खजिन्यातून पगार भागवीत गेले आणि ती रक्कम निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडत गेले. हे कर्ज ४५ लाखांच्या आसपास पोहोचले तेव्हा लॉर्ड डलहौसीच्या सरकारने २१ मे १८५३ रोजी तह करून घेतला आणि वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे वाशीम हा इंग्रजी अमलाखालचा स्वतंत्र जिल्हा झाला, १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा उभा राहिला. म्हणजे आपला मुलूख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तो लढाई हरल्यामुळे नव्हे. नोकरांचा पगार वेळेवर देता आला नाही, म्हणून गेला. तो तह होताच निजामाचे दिवाण झालेले सालारजंग यांनी वसुलाचे मक्ते बंद करून पगारी तालुकदार नेमले, पण तोपर्यंत वऱ्हाड हातचा गेला होता.

आता आजच्या तिजोरीकडे वळू. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. यातला फरक ४५,८९१ कोटींचा. ही महसुली तूट. महसुली खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा नित्याचा खर्च. घरातील किराणा उसनवारीवर आणावा लागतो, असा याचा सरळ अर्थ. रस्ते, धरणे यांसारखा भांडवली खर्च मिळवला की एकूण कर्ज काढण्याची गरज, म्हणजे राजकोषीय तूट, १,३६,२३५ कोटींवर जाते. घर बांधायला कर्ज काढणे वेगळे आणि किराण्यासाठी काढणे वेगळे, हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. वर्तमानपत्रात नुसता 'तूट' हा शब्द येतो तेव्हा कोणती तूट, हे आधी विचारावे.

सरकारच्या हातात येणाऱ्या शंभर रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रुपये पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींवरच जातात. उरलेल्यात बाकी सारे. याच अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. समोर बसलेल्या अनेक भगिनींच्या खात्यावर ते महिन्याचे १,५०० रुपये आले असतील, आणि घरखर्चाला त्यांचा आधारही झाला असेल. त्या पैशाला मी नावे ठेवीत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत असतो आणि दोन्हींची तिजोरी एकच आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

तूट आली की सरकार सरळ पगार का कापत नाही? कापण्याचेही प्रसंग येऊन गेले आहेत. जागतिक मंदीत, १९३१ च्या डिसेंबरात, हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली. बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराला कायद्याचे संरक्षण होते, तेव्हा त्यासाठी विलायतेच्या पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. १९३३ साली कपात निम्मी झाली आणि १९३५ साली उठली. त्याच १९३१ साली कराची काँग्रेसने ठराव केला होता की, खास तज्ज्ञ सोडले तर कोणत्याही सरकारी नोकराचा पगार सामान्यतः दरमहा ५०० रुपयांहून अधिक असू नये. स्वातंत्र्यानंतर तो ठराव कोणी वरच्या कप्प्यात ठेवला, ते सांगण्याची गरज नाही.

हल्लीच्या काळात उघड कपात फारशी होत नाही. रुमानियाने २०१० साली सरकारी पगार एका झटक्यात २५ टक्क्यांनी उतरवले. आपल्याकडे तसे कोणते सरकार धजावेल असे वाटत नाही. आपल्याकडे पगार लांबवतात, गोठवतात किंवा सक्तीने ठेव म्हणून ठेवून घेतात. १९७४ सालचे उदाहरण जुन्या मंडळींना आठवत असेल. महागाई भडकली होती. इंदिरा गांधींच्या सरकारने सक्तीच्या ठेवीचा कायदा केला : वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग आणि पगारवाढ हातात न देता सरकारी ठेवीत जमा करायची आणि पुढे पाच वार्षिक हप्त्यांत व्याजासह परत द्यायची. तेलाचे भाव आकाशाला भिडलेले आणि भत्ता मात्र कागदावर! कर्मचाऱ्यांत असंतोष पसरला, तो उगीच नव्हे. तरी त्या कायद्यात एक सभ्यता होती. रक्कम तुमची आहे, ती परत मिळेल आणि केव्हा मिळेल, हे लिहून दिले होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरी कलाटणी १९७७ च्या संपाने दिली. केंद्राच्या नोकरांना मिळतो त्याच दराने आम्हांलाही महागाई भत्ता मिळावा, या मागणीसाठी १४ डिसेंबर १९७७ पासून राज्याचे कर्मचारी आणि शिक्षक ५४ दिवस संपावर होते. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, तर कर्मचाऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक. ५४ दिवस बिनपगारी घर चालवणे म्हणजे काय, हे ज्या गृहिणींनी सोसले त्यांनाच ठाऊक. पुढे १९७८ साली शरद पवारांचे सरकार आल्यावर केंद्राच्या दराचे तत्त्व मान्य झाले. मागणी न्याय्यच होती. बाजारात केंद्राच्या नोकराला वेगळा भाव आणि राज्याच्या नोकराला वेगळा, असे कधी होत नाही. पण तेव्हापासून एक गाठही बसली. दर दिल्लीत ठरतो आणि पैसे मुंबईने मोजायचे असतात.

म्हणून प्रत्येक वेतन आयोगानंतर राज्याची ओढाताण होते. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी हकीम समिती नेमली. सुधारित वेतन १ जानेवारी २००६ पासून लागू झाले, प्रत्यक्ष हातात २००९ साली आले, आणि मधली थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा करायचे ठरले. सातव्याच्या वेळी बक्षी समिती आली. वेतन १ जानेवारी २०१६ पासून, पण हातात २०१९ च्या जानेवारीत, आणि थकबाकी पुन्हा पाच हप्त्यांत. त्यातला दुसरा हप्ता २०२० साली कोरोनामुळे एक वर्ष पुढे गेला. १९७४ ची सक्तीची ठेव आणि हे हप्ते यांत नातेसंबंध आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांनी ओळखलेच असेल.

कोरोनाच्या प्रसंगाकडे जरा थांबून पाहू या. टाळेबंदीत कर येणे थांबले. ३१ मार्च २०२० रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केले की, मार्चच्या पगारापैकी मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदारांना ४० टक्के, 'अ' आणि 'ब' वर्गाला ५० टक्के, 'क' वर्गाला ७५ टक्के आणि 'ड' वर्गाला, म्हणजे शिपाई-चौकीदारांना, पूर्ण पगार मिळेल. आरंभी 'कपात' असा शब्द ऐकू आला. लगेच खुलासा झाला की उरलेली रक्कम दुसऱ्या टप्प्यात दिली जाईल. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. वरच्याच्या ताटातले जास्त थांबवले, खालच्याच्या ताटाला हात लावला नाही. असाच प्रश्न आंध्र प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२१ साली न्यायालयाने थांबवलेला पगार ६ टक्के व्याजासह देण्यास सांगितले. केलेल्या कामाचा पगार ही सरकारची मेहेरबानी नसते.

महागाई भत्त्याचे मात्र तसे झाले नाही. केंद्राने १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ या दीड वर्षात भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला आणि राज्यानेही तेच केले. नंतर ४, ३ आणि ४ असे तीन हप्ते एकदम मिळवून दर २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. विद्यार्थी मित्रांनो, वहीवर गणित करून पाहा. मूळ पगार २०,००० रुपये धरा. पहिले सहा महिने ४ टक्के म्हणजे महिन्याला ८०० रुपये बुडाले. ते झाले ४,८००. पुढचे सहा महिने ७ टक्के म्हणजे १,४०० रुपये; ते ८,४००. शेवटचे सहा महिने ११ टक्के म्हणजे २,२०० रुपये, ते १३,२००. बेरीज २६,४००. एका लहान नोकरदाराने कोरोनाच्या तिजोरीत घातलेली ही रक्कम, आणि तिची पावती कोणी दिली नाही. या गोठवणुकीतून केंद्राचे ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले.

येथपर्यंत मी नोकरीत असलेल्यांविषयी बोललो. त्यांचे नुकसान खरे आहे, पण त्यांच्या मागे संघटना आहे, न्यायालय आहे, ५४ दिवसांच्या संपाची आठवण आहे. ज्यांच्यामागे यांतले काहीच नाही असाही एक वर्ग आहे, आणि पालकहो, तो आज या सभागृहात समोरच्या सतरंजीवर बसला आहे.

४ मे २०२० रोजी वित्त विभागाने जो शासन निर्णय काढला, त्यात विकासाच्या खर्चाला मोठी कात्री लावली आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती बंद ठेवली. मार्चचा राहिलेला पगार परत मिळण्यासारखा होता. भरतीविना गेलेले वर्ष परत मिळण्यासारखे नव्हते. तेवीस वर्षांचा पंचवीसचा झाला, तिसाचा बत्तीसचा झाला, काहींची वयोमर्यादा संपली. शासनालाही ते जाणवले असावे, कारण मार्च २०२३ मध्ये त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींपुरती कमाल वयात दोन वर्षांची सवलत दिली गेली. रिकाम्या खुर्चीचा पगार वाचतो, आणि त्यासाठी ना मोर्चा निघतो ना संप होतो. म्हणून कोणत्याही सरकारला हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. तहसीलमध्ये दाखल्यासाठी तुम्हांला चार खेपा का घालाव्या लागतात, याचे एक उत्तर त्या रिकाम्या खुर्चीतही आहे.

निवृत्तिवेतनाचेही तेच. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी रुजू झालेल्याला जुने निवृत्तिवेतन आणि १ नोव्हेंबर २००५ रोजी रुजू झालेल्याला अंशदान योजना. खोली एक, काम एक, टेबल शेजारी-शेजारी. अंतर एका दिवसाचे. तेव्हा नोकरीत असलेल्यांचे एक पैशाचेही नुकसान झाले नाही, म्हणून विरोधही बेताचाच झाला. ज्यांचे नुकसान झाले ते तेव्हा शाळेत होते. ते मोठे होऊन मार्च २०२३ मध्ये सात दिवस संपावर गेले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की अठरा वर्षांपूर्वी काय ठरले होते. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि लगोलग महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, असे तीत आश्वासन आहे. जुन्या योजनेइतके हे नाही. पण हातात काहीच निश्चित नव्हते त्यापेक्षा बरे.

शिक्षकांचे तर विचारूच नका. २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आली : पूर्ण शिक्षकाचे काम, तीन वर्षे ठरावीक मानधनावर. २०२२ अखेरपर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत होते, आणि त्याच राज्यात शिपायाचा आरंभीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार १५,००० रुपये होता. शिपायाला जास्त मिळते असे मी म्हणत नाही. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्याला फारच कमी मिळत होते, असे म्हणतो. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. शिवाय २००१ साली 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. तो 'कायम' २००९ साली निघाला, पण अनुदानाचा पहिला २० टक्के टप्पा मिळायला २०१६ उजाडले. आपल्यासारख्या संस्था चालवणाऱ्यांना त्या काळाविषयी मी काय सांगावे! शिक्षक सकाळी शाळेत शिकवीत आणि संध्याकाळी दुकानात हिशेब लिहीत. सरकारच्या खर्चाच्या वहीत ती बचत दिसली. ती कोणाच्या खिशातून झाली, हे त्या वहीत लिहिण्याची पद्धत नाही.

आता आपल्यापैकी कोणी शेतकरी उठून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे : मास्तर-बाबूंच्या पगाराला दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता, माझ्या सोयाबीनला तो कोण देतो? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात बराच काळ त्याहून कमी भाव मिळाला. हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. माझे उत्तर एवढेच की, नोकराचा भत्ता बंद केल्याने सोयाबीनचा भाव वाढणार नाही. तोच नोकरदार पाटणी चौकात कापड घेतो, रिक्षाने येतो, किराण्याची उधारी महिनाअखेर चुकवतो. पगार थांबला की आधी दुकानदाराची उधारी थांबते. पण शेतकऱ्याचे दुसरे म्हणणे मला मान्य आहे : ज्याचा पगार तिजोरीतून पुरा मिळतो त्याने खुर्चीवर पुरा वेळ बसावे. पगाराचा प्रश्न निघाला की संघटनांनी हाही विषय आपणहून काढला असता, तर लोकांची सहानुभूती त्यांना अधिक लाभली असती.

तूट आल्यावर पगाराला हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. लावावा, पण १९७४ सारखा तारीख लिहून आणि मार्च २०२० सारखा वरून खाली. जो अजून आत आलेला नाही त्याच्या नावावर सारे खर्ची घालणे मात्र मला अन्यायाचे वाटते. कंत्राटी भरतीसाठी खासगी संस्था नेमण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय महिना-दीड महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, रद्द करावा लागला, तो तरुणांनी आणि पालकांनी आवाज केला म्हणूनच. याचा अर्थ ज्यांची संघटना नाही त्यांचेही ऐकले जाते. त्यांना वेळेवर कळले पाहिजे, इतकेच.

आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ साली केंद्राने नेमला. अहवालाला अठरा महिने दिले. शिफारशी करताना राज्यांच्या तिजोरीवर काय भार पडेल तेही पाहावे, असे त्याच्या कार्यकक्षेत लिहिले आहे. त्यानंतर राज्याची समिती, मग मंत्रिमंडळ, मग थकबाकीचे हप्ते. सातव्याच्या वेळी केंद्रात लागू झाल्यावर महाराष्ट्रात हातात पडायला अडीच वर्षे गेली होती. हिशेब मांडला तर या आयोगाचा भार राज्यावर पुरता पडेल तेव्हा आजची दहावीची मुले पदवीच्या उंबरठ्यावर असतील. नेमक्या त्या वर्षी जाहिराती किती निघतात, निघालेली पदे नियमित की मानधनावरची, आणि निवृत्तिवेतन कोणत्या योजनेचे, या तीन गोष्टींवर डोळा ठेवा. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. शाळेच्या वाचनालयाने महत्त्वाचे निर्णय छापून फलकावर लावावेत, अशी संस्थेला माझी विनंती आहे.

येण्यापूर्वी एका पालकांनी मला विचारले, "साहेब, मग मुलाला स्पर्धा परीक्षेला बसवावे की नाही?" बसवावे. पण किती वर्षे, हे पहिल्याच दिवशी घरात ठरवून घ्यावे, आणि त्या मुदतीत पदवी, आयटीआय, फार्मसी किंवा वडिलांचे दुकान, यांपैकी एक तरी हातचे सुटू देऊ नये. मुलींच्या बाबतीतही हीच मुदत आणि हाच नियम लावावा. त्यांना एक वर्ष आणि भावाला पाच, असे करू नये.